खोटी गस्त

पुरुषोत्तम अत्तरदे यांना येत्या सप्टेंबरात ऐंशी वर्षं आणि आठ महिने पूर्ण होणार, म्हणजे त्यांच्या आयुष्यात हजार पौर्णिमा होऊन जाणार, ही बातमी इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सच्या मराठी मंडळात सगळ्यांत आधी रेखामावशींना लागली. त्यांना अशा बातम्या वासावरच कळतात. फेब्रुवारीतच त्या घरी आल्या आणि सहस्रचंद्रदर्शनाचा बेत मांडून बसल्या. कम्युनिटी सेंटरचा हॉल, ऐंशी दिवे, वेम्बलीहून चांदीचा चंद्र, साठ माणसांचं जेवण. पुरुषोत्तमरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“रेखाताई,” ते म्हणाले, “मला पाच वर्षं झाली, समोरचा बल्ब पेटलाय की विझलाय ते कळत नाही. चंद्र कसला दाखवता?”

रेखामावशी गोऱ्यामोऱ्या झाल्या. नीना चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. बाप असा फटकळ आहे हे तिला जन्मापासून ठाऊक होतं, पण पाहुण्यांसमोर दर वेळी नव्यानं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

“मला काही द्यायचंच असेल ना,” ते पुढे म्हणाले, “तर ती लाइन द्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत मला चालू द्या. मग हॉल घ्या, दिवे लावा, काय हवं ते करा.”

ही लाइन म्हणजे काय, ते सांगायला हवं. मिल्टन कीन्सहून तासाभराच्या अंतरावर एक जुनी ब्रांच लाइन आहे. आहे म्हणजे होती. साठ वर्षांपूर्वी गाड्या बंद झाल्या, रूळ उचलून नेले आणि उरलेल्या भरावावर पुढे चालणाऱ्यांसाठी नि सायकलवाल्यांसाठी वाट केली. सात मैलांची. दोन्ही बाजूंना पाणथळ जमीन, काळं पाणी, डोक्याएवढं वाढलेलं बोरूचं रान. नीनानं जानेवारीत बाबांना असंच पाय मोकळे करायला तिथे नेलं होतं. गाडीतून उतरून ते शंभरेक पावलं चालले असतील नसतील, आणि थांबले.

“नीने, हा रस्ता नाही. ही लाइन आहे.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“रस्ता माणसाच्या लहरीनं वळतो. लाइन तशी वळत नाही. शंभर पावलं झाली, पायाला ना चढ लागला ना उतार.” आणि या माणसाचा चेहरा, जो डोळे गेल्यापासून भिंतीसारखा झाला होता, तो एकदम उजळला. नीनानं हे वाक्य त्या दिवशी कौतुकानं ऐकलं, घरी येऊन मुलीला सांगितलं, आणि नंतर नेमकं नको तेव्हा विसरली.

पुरुषोत्तमराव रेल्वेत पीडब्ल्यूआय, म्हणजे रुळांचे इन्स्पेक्टर, म्हणून रिटायर झाले. गाडी कुठली, ड्रायव्हर कोण, याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. आपल्या वाट्याला आलेल्या रुळांची काळजी, एवढंच काम. छत्तीस वर्षं ते ढकलट्रॉलीवर बसून, मागे चार माणसं रुळावरून पळताहेत, डोक्यावर छत्री, अशा थाटात आपला सेक्शन तपासत फिरले. दोन रूळ जोडणारी फिशप्लेट सैल झाली की ते आवाजावरून ओळखायचे. घरीही तेच. भुसावळच्या क्वार्टरमध्ये कपाट तिरकं उभं असलं तर त्यांना जेवण गोड लागायचं नाही. बायको गेली तेव्हा नीना इथे होती, लग्न करून, नोकरी करून. तिनं त्यांना घेऊन यायचं ठरवलं आणि आणलंही. आल्यावर पहिली दोन वर्षं ते घराजवळच्या स्टेशनच्या पुलावर जाऊन उभे राहायचे. मग काचबिंदूनं आधी एक डोळा नेला, मग दुसरा. औषधाचे थेंब त्यांनीच वेळेवर घातले नव्हते, कुणाला त्रास नको म्हणून सांगितलंही नव्हतं. न सांगण्याची खोड घराण्यातच असावी.

तर ठरलं. मार्चपासून दर रविवारी अर्धा मैल नवा. मागच्या वेळी जिथे थांबलो तिथून पुढे. लाइनला चार ठिकाणी रस्ते छेदतात, तिथे गाडी लावता येते. शेवटच्या टोकाला स्टेशन नाही, पण जुना प्लॅटफॉर्म अजून उभा आहे, विटांचा. त्यावर उभं राहायचं. संध्याकाळी घरी आल्यावर बाबा नातीला बोलवायचे. पंधरा वर्षांची मायरा देवनागरी वाचते कोर्टाची नोटीस वाचल्यासारखी, म्हणून ती लिहून घेण्याऐवजी फोनवर रेकॉर्ड करायची. आजोबा सरकारी थाटात तपासणीची नोंद सांगायचे आणि मायरा दार लावून घ्यायची.

“मम्मा, तू नाही यायचा. हे ऑफिशियल आहे.”

नीना हसायची. तेव्हा तिला हसता येत होतं.

नीना सत्तेचाळीस वर्षांची. एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. विनयशी काडीमोड होऊन सहा वर्षं झाली. तो आता मेडनहेडला असतो आणि मायराच्या वाढदिवसाला न चुकता केक पाठवतो. बाकी घर, गाडी, शाळा, बाबांचं दुखणंखुपणं, सगळं हिच्या अंगावर. मंडळात बायका म्हणायच्या, “मुलगी असावी तर अशी.” ऐकायला गोड वाटतं हे. पण ज्या बाईबद्दल असं बोललं जातं तिला मग “आज मला होत नाही” असं म्हणायची सोय राहत नाही. रविवारी सकाळी आठला बाबा बुटांच्या नाड्या बांधून, टोपी घालून, घडीची काठी मांडीवर घेऊन दाराशी बसलेले असायचे आणि विचारायचे, “जमेल ना गं?”

“जमेल हो बाबा, त्यात काय,” नीना म्हणायची. दर वेळी हेच.

आठ रविवार खरे झाले. मध्ये कधी पाणी चढून वाट बुडाली, कधी बाबांना खोकला, तरी आठ झाले. चार मैल. इंग्रजांनी दर पाव मैलाला लोखंडी खांब रोवला होता. त्यातले पुष्कळ शाबूत आहेत. बाबा प्रत्येक खांबापाशी थांबून, हातमोजा काढून आकड्यावरून बोट फिरवायचे. एप्रिलमध्ये त्या पाणथळीची देखरेख करणाऱ्या वॉर्डननं त्यांना बिटर्नचा आवाज ऐकवला. बगळ्याच्या जातीचा लपूनछपून राहणारा पक्षी, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा घुमतो. वॉर्डन म्हणाला, हा वसंतात ओरडतो, जून सरता सरता गप्प होतो. बाबांनी पंधरा मिनिटं हलायला नकार दिला. थंडीनं नीनाची बोटं बधिर झाली होती, पण त्या दिवशी तिला वाटलं, आपण आयुष्यात एक तरी काम नीट करतो आहोत.

आणि मग जूनचा तिसरा रविवार आला. फादर्स डे. शनिवारी तिच्या कंपनीची सगळी यंत्रणा नव्या सर्व्हरवर हलवायची होती. ती पहाटे चारला घरी आली. साडेसातला गजर. मायरानं आजोबांसाठी कार्ड केलं होतं, हाताला लागेल असं, फुगीर रंगानं काढलेलं इंजिन. बाबा ते खिशात घालून दाराशी बसले होते.

“जमेल ना गं?”

“जमेल हो बाबा.”

शहराबाहेर पडायच्या आधीच तिचा डोळा लागला. क्षणभरच. मागच्या गाडीनं हॉर्न मारला आणि ती दचकून जागी झाली तेव्हा गाडी दोन लेनच्या मधोमध होती. तिनं गाडी कडेच्या लेनमध्ये घेतली. इथे कुणीही शहाण्या बाईनं काय केलं असतं? “बाबा, माझ्यानं होत नाही, आज राहू द्या,” म्हटलं असतं. नीनानं ते म्हटलं नाही. तिनं पुढच्या राउंडअबाउटला, म्हणजे गोल चौकाला, पूर्ण फेरी मारली आणि गाडी परत शहरात घातली.

मिल्टन कीन्समध्ये राउंडअबाउटना तोटा नाही. एकातून सुटलं की दुसरं पुढे हजर. नीना पाऊण तास त्यांच्यातून हळूहळू फिरत राहिली, कारण प्रवासाला लागतो तेवढा वेळ लागायला हवा होता. मग तिनं एका तळ्याकाठी गाडी लावली. तिथून रेडवे जातो, सायकलींसाठी केलेला लालसर डांबरी रस्ता. तिनं बाबांचा हात धरून त्यांना त्यावर उभं केलं.

“आलो,” ती म्हणाली.

बाबा काही पावलं चालले. “डांबर आहे का इथे?”

“हो. या पॅचला कौन्सिलनं टाकलंय. सायकलवाल्यांसाठी.”

पुढे रेडवे मोठ्या रस्त्याखालून जातो; तिथे उतरायचं, मग चढायचं. बाबांची काठी उतारावर अडखळली. नीना म्हणाली, “इथला पूल पडला होता म्हणे, म्हणून वाट खालून वळवलीय.” आणि खांब? “या भागातले चोरीला गेलेत, बाबा. भंगारवाले.” एका खोट्याला दहा टेकू लावावे लागतात ते असे. बाबा “हं” म्हणाले. परतताना एवढंच म्हणाले की आज दमायला झालं नाही फारसं. दुपारी नीना चार तास झोपली आणि उठली ती तोंडात कडू चव घेऊन.

तिला सुपडू आठवला.

नीना नऊ वर्षांची असतानाची गोष्ट. पावसाळ्यात रुळांवर गस्त असते. दोन गस्तवाले दोन टोकांकडून निघतात, मध्ये भेटतात, एकमेकांची वही बदलतात, सही करतात. पाण्यानं भराव खचला की नाही ते असं चालूनच कळतं. सुपडू नावाचा गस्तवाला एका रात्री चाललाच नाही. गस्तवाल्यांच्या खोलीत बसून त्यानं दोन्ही सह्या ठोकल्या. काही झालं नाही, गाड्या गेल्या, पण पुरुषोत्तमरावांना कळलं. चौकशी बसली आणि सुपडूची नोकरी गेली. त्याची बायको कडेवर तान्हं मूल घेऊन क्वार्टरच्या दाराशी आली होती. पायरीवर बसली, उठेचना. नीनाच्या आईचे डोळे भरले. बाबा आतून बाहेर आले आणि म्हणाले, “रुळावर न जाता सही करणारा आणि रूळ उखडणारा, माझ्या लेखी दोघं सारखेच.” दार लावलं. लावलेल्या दारामागे नीना उभी होती. तिला ते मूल रडताना ऐकू येत होतं आणि तरीही आपल्या बाबांचा अभिमान वाटत होता.

आता त्याच बाबांच्या वहीत तिनं खोटी सही केली होती.

पुढच्या रविवारी खरं जायचं, असं तिनं ठरवलं. पण पुढच्या रविवारी डोकं दुखत होतं. दुसऱ्या वेळी कारण होतं पण लहान होतं, तिसऱ्या वेळी कारण शोधावंही लागलं नाही. प्रत्येक वेळी तळ्याकाठचा वेगळा तुकडा. शिवाय आता परतीची वाटही उरली नव्हती. बाबांच्या मते आपण साडेपाच मैलांवर आहोत; परत चारवर नेऊन काय सांगायचं? चौथ्या खोट्या रविवारी, जुलैअखेर, बाबा म्हणाले, “पक्षी गप्प आहेत आज.” नीनाला काय सुचलं कोण जाणे. तिनं पाठीमागे फोन धरून बिटर्नचा आवाज लावला. आधी गादीच्या कंपनीची जाहिरात लागली. घाईघाईनं ती बंद केली, जोरात खोकली, आणि मग फोनमधला बिटर्न घुमला, जुलैच्या अखेरीला, तळ्यातल्या पॅडलबोटींच्या शेजारी.

बाबांनी मान दुसरीकडे वळवली. “छान,” म्हणाले.

त्या एका शब्दानं तिला जे झालं ते चार शिव्यांनी झालं नसतं. घरी येऊन ती बाथरूमचा नळ सोडून बसून राहिली.

ऑगस्टमध्ये पाचवा खोटा रविवार झाला. त्याच महिन्यात डॉक्टरांनी बाबांच्या हृदयाच्या गोळ्या वाढवल्या. जिना चढताना ते आता मध्ये थांबत. नीनाच्या मनात योजना तयार होती आणि योजना चोख होती. शेवटचा अर्धा मैल खरा करायचा. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी थेट पलीकडच्या टोकाला जायचं, खऱ्या लाइनवर चालवायचं, खऱ्या प्लॅटफॉर्मवर उभं करायचं. त्याच्या पुढच्या रविवारी हॉल, दिवे, चंद्र. शेवट खरा असला की मधलं कोण तपासतं? कामाच्या ठिकाणी तिनं कितीतरी प्रोजेक्ट असे पार पाडले होते.

फक्त रेकॉर्डिंगची भीती होती. रेखामावशींना ती समारंभात ऐकवायची होती. त्या पाच रविवारांत बाबांनी काय सांगितलं असेल? चोरीला गेलेले खांब, पडलेला पूल? मंडळातला एखादा हौशी सायकलवाला ती लाइन चालून आलेला निघाला तर?

“मायरा, आजोबांचे क्लिप्स मला सेंड कर ना. एडिट करायचेत.”

मायरा फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, “नो. आजोबानी सांगितला, लाइन फिनिश झाल्यावरच. कोणालाच नाही द्यायचा.”

“मी कोणी आहे का?”

मायरानं आता वर पाहिलं. “मम्मा, प्लीज. मला विचारू नको,” म्हणाली आणि वर निघून गेली.

सप्टेंबरातल्या त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मायरा मैत्रिणीकडे गेली आणि टॅब्लेट स्वयंपाकघरात विसरली. त्यावर तिचं सगळं आपोआप येतं. नीनानं तो उचलला, गाडीत जाऊन बसली, काचा वर केल्या. आपल्याच घरासमोर चोरासारखी. पापात पाप मिसळलं की मोजायची भानगड राहत नाही, असं तिनं स्वतःला समजावलं आणि एप्रिलची क्लिप लावली.

“तारीख सहा एप्रिल. मैल दोन ते अडीच. चढ-उतार नाही. मोऱ्या दोन. दुसऱ्या मोरीखाली पाणी वाहतं आहे, आवाज स्वच्छ. डाव्या हाताला बोरू. उजवीकडे उघडं पाणी असावं, वारा तिकडून गार लागतो. अडीचचा खांब हाताला लागला, आकडा शाबूत. शेरा: बांधणाऱ्यांनी मन लावून बांधलेली लाइन आहे.”

नीनानं डोळे मिटून ऐकलं. मग पंधरा जून लावली.

“तारीख पंधरा जून. आज लाइनवर जाणं झालं नाही.”

तिनं क्लिप थांबवली. रस्त्यावरून शेजारचा माणूस कुत्रा घेऊन गेला, त्यानं हात केला, तिनंही केला. मग परत बटण दाबलं.

“वाटेत नेहमी सहा राउंडअबाउट लागतात, आज सव्वीस लागले. पायाखाली डांबर. एक उतार, एक चढ. लाइनला असे चढ-उतार नसतात. खांब नाही. गस्त झाली नाही, सबब मैल धरू नये. कारण: सोबतचं माणूस दमलेलं होतं.”

मग मायराचा आवाज. “आजोबा, व्हाय डोन्ट यू टेल हर? मी सांगते मम्माला.”

“नाही. तिला वाटतंय मला कळलं नाही. तेवढं तरी राहू दे तिच्याजवळ.”

पुढची क्लिप. “गस्त झाली नाही.” त्याच्या पुढची. “गस्त झाली नाही.” जुलैअखेरची. “गस्त झाली नाही. पक्षी फोनमधला होता. आधी गादी विकत होता.” त्यावर दोघं हसत होते, आजोबा आणि नात, पोट धरून. नीनाला रडू आलं नाही. तिला लाज वाटली, कानशिलं तापली, आणि हसणाऱ्या त्या दोघांत आपण नाही याचं इतकं वाईट वाटलं की तिनं स्टीअरिंगवर कपाळ टेकलं.

शेवटची क्लिप ऑगस्टची. आवाज थकलेला.

“गस्त झाली नाही. शेरा जरा मोठा आहे, घे. आमच्याकडे सुपडू नावाचा गस्तवाला होता. मी त्याची चौकशी केली. अकरा प्रश्न विचारले. दिवा कुठे होता, शिट्टी कुठे होती, सही कुणाची. त्याची बायको ओली बाळंतीण होती आणि घरात दुसरं कुणी नव्हतं, चार रात्री त्याला झोप नव्हती, हे मला वर्षभरानं कळलं. कळल्यावरही मी काही केलं नाही. बाई दारात आली होती तेव्हा विचारलं असतं तरी कळलं असतं. हे माझ्या नावावर लिहून ठेव.”

“लिहिला,” मायरा म्हणाली. ती काहीच लिहीत नव्हती, पण आवाज रडवेला झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बाबा दाराशी बसले होते. नाड्या, टोपी, काठी.

“जमेल ना गं?”

नीना “हो” एवढंच म्हणाली. गाडी शहराबाहेर पडली. सहा राउंडअबाउट गेले. शेवटी एक तिठा येतो. उजवीकडे गेलं की लाइनचं पलीकडचं टोक, प्लॅटफॉर्म, आणि तिची चोख योजना. डावीकडे चौथ्या मैलाची गाडीतळाची जागा. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवेपर्यंत ती तिठ्यावर उभी राहिली. उजवीकडे वळलं तर बाबा आज प्लॅटफॉर्मवर पाय ठेवतील. काही बोलणारही नाहीत. आणि लाइन पुरी झाली नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असेल, त्या हॉलमध्ये, साठ माणसांत, दिव्यांसमोर.

ती डावीकडे वळली.

गाडी थांबली. बाबांनी दार उघडलं, खाली उतरले, बुटाच्या टाचेनं जमीन दाबून पाहिली. दगडाची भुकटी कुरकुरली. पाण्याचा नि कुजक्या पाल्याचा वास आला. ते तसेच उभे राहिले.

“बाबा,” नीना म्हणाली, “हा शेवटचा अर्धा मैल नाही.”

“हं.”

“आपण चारवर आहोत. जूनमध्ये थांबलो होतो तिथे. त्यानंतरचे पाच रविवार मी तुम्हाला तळ्यावर नेलं आणि...”

“सही ठोकलीस.”

“हो.”

“सुपडूनं कबूल करायला तीन दिवस घेतले होते.”

“मी तीन महिने घेतले. आणि काल तुमची रेकॉर्डिंग चोरून ऐकली. म्हणून आज बोलतेय बाबा. ऐकली नसती तर आज तुम्हाला प्लॅटफॉर्मवर नेणार होते, आणि गप्प बसणार होते. ठरवलंच होतं मी.”

हे सांगायची गरज नव्हती. पण ते लपवून बाकीचं सांगितलं असतं तर ती आणखी एक सही झाली असती. बाबांनी काठीची घडी उघडली. एक एक नळी कट्कन बसली.

“चल,” म्हणाले.

चौथ्या मैलाचा खांब त्यांना हातानं सापडला. हातमोजा काढून त्यांनी आकड्यावर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, जसा काही तो तीन महिन्यांत बदलला असता. मग चालू लागले. बोरूची कणसं तपकिरी झाली होती. टिटव्यांचा एक थवा ओरडत गेला. मार्चमध्ये ते अर्धा मैल सलग चालायचे. नीनाच मागे पडायची. आज शंभर पावलांवर त्यांचा श्वास ऐकू यायला लागला. दीडशेवर ते थांबले, परत निघाले. दोनशेला मोरीचा विटांचा कठडा होता, तो धरून ते हळूच टेकले. ओठ किंचित निळे दिसत होते. नीनानं पाण्याची बाटली दिली. प्लॅटफॉर्म तीन मैल पुढे होता. अर्ध्या अर्ध्या मैलानं सहा रविवार, आणि आजचा अर्धा मैलही होणार नव्हता. पाच रविवार मागे, जूनमध्ये, जुलैत, या पायांत अजून बळ होतं तेव्हा, ते इथून पुढे गेले असते. हे तिला कळत होतं. त्यांनाही कळत असणार.

“बाबा, मी तुमचे रविवार खाल्ले,” ती अखेर म्हणाली. “आता ते कुठून आणू?”

मोरीखालून पाणी जात होतं, पुरुषोत्तमराव त्याच्याकडे कान देऊन बसले होते. नीना समोर उभी होती, हात बांधून, चौकशीला उभ्या केलेल्या माणसासारखी.

“नीने,” ते म्हणाले, “दमलीस का गं?”

“नाही हो बाबा, त्यात...” सवयीनं ओठांवर आलं होतं. तिनं ते तिथेच थांबवलं. पायांत गोळे आले होते. कित्येक वर्षांचे असावेत.

“हो,” ती म्हणाली. “खूप दमले, बाबा.”

त्यांनी काठी बाजूला घेतली आणि कठड्यावर सरकून तिच्यापुरती जागा केली.

“बस मग,” ते म्हणाले. “या लाइनवर गाडी यायची नाही.”